सुई देण्याआधी

देवणीतल्या एका दवाखान्यात मोठ्या सिस्टर होत्या. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी वॉर्डात आणि बाळंतपणाच्या टेबलाशी काढलेली. सुई द्यायची वेळ आली की त्या तीन गोष्टी विचारत, मग समोरचा कितीही घाईत असो. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, दात घासताना रक्त येतं का, शौचाला काळी होते का. विचारता विचारता त्यांची नजर माणसाच्या मनगटावर, दंडावर, गळ्याशी फिरत असे. बाजाराच्या दिवशी रांग दाराबाहेर जाई, लोक कुरकुरत, पण त्यांचा एकही प्रश्न गळत नसे.

त्यांच्या हाताखाली एक धाकटी सिस्टर आली. नर्सिंगच्या परीक्षेत वरच्या नंबरानं पास झालेली, आणि रक्ताच्या औषधांचा धडा तर तिचा खास आवडीचा. हेपरिनच्या ५ मिलीच्या एका बाटलीत ५ हजार युनिट असतात आणि दिसायला तशाच दुसऱ्या बाटलीत २५ हजार, म्हणून दोघींनी वाचल्याशिवाय ते सिरिंजमध्ये ओढायचं नाही, हे तिला पाठ. पोटाच्या कातडीत द्यायच्या एनॉक्झापॅरिनच्या तयार सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही आणि सुई काढल्यावर जागा चोळायची नाही, हेही पाठ. गोठण तपासायचं रक्त फिक्या निळ्या टोपणाच्या नळीत बरोबर खुणेपर्यंत भरायचं, कमी भरलं तर आकडा खोटा येतो, हेसुद्धा. अशा ज्ञानाला नुसतं पाठांतर म्हणून नाक मुरडणारे लोक मला मुळीच पटत नाहीत. या नियमांमागे कुठल्या ना कुठल्या रोग्यानं सोसलेलं असतं.

धाकटीला एकच गोष्ट पटत नव्हती. एवढ्या गर्दीत प्रत्येकाला तेच ते प्रश्न कशाला? केसपेपरवर लिहिलेलं नसतं का? आणि ती स्वतः ‘काही औषधं चालू आहेत का’ एवढं विचारतच होती की.

दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीनच्या राशी उरकल्या होत्या. बाजाराचा दिवस होता. पन्नाशीचा एक शेतकरी कमरेवर हात ठेवून आत आला. बाजूच्याच गावचा, दावणीला देवणी जातीची जनावरं राखून असलेला. तोंडाच्या बाजूला काळी झाक असलेली वानेरा गाय आणि नुकता कामाला धरलेला गोऱ्हा, हे त्याचं वैभव.

“बाई, एक सुई मारा. कंबर धरलीया. उद्या नांगरट हाय.”

“काही औषधं चालू आहेत का, मामा?”

“न्हाई बा. कशाचं औषध?”

केसपेपरवर डॉक्टरांनी दुखण्याची सुई लिहिलेली होती. डायक्लोफेनॅक, कुल्ल्याच्या स्नायूत. धाकटीनं ती भरली आणि मामांना आडवं व्हायला सांगितलं. इतक्यात मोठ्या सिस्टर ट्रे घेऊन तिथून जात होत्या, त्या थबकल्या.

“मामा, हाताला काय झालंय हो हे?”

“कासरा लागला. गोऱ्हा लई दांडगा हाय.”

“कासरा एका हाताला लागतो. तुमचे दोन्ही हात काळेनिळे आहेत. आणि ही पोटरी?”

मामांनी पोटरीकडे पाहिलं. तिथला डाग त्यांनी स्वतःही पाहिला नव्हता.

“दात घासताना?”

“राखुंडी लाल व्हती कधीमधी. या आठ दिसांतच.”

“शर्टाची वरची बटणं काढा बरं.”

गळ्याच्या खळगीपासून छातीच्या मधोमध खालपर्यंत सरळ व्रण गेलेला होता.

“हे कशाचं?”

“ते व्हय? व्हॉल बशिवलाय. लई वर्सं झाली.”

“मग त्याची गोळी?”

“ती रोजचीच हाय की बाई. ते काय औषध हाय व्हय?”

मामा खोटं बोलले नव्हते. जे रोजच्या जेवणाइतकं रोजचं झालं, ते कुणी औषधात धरत नाही. लहानपणी घसा सुजून ताप येतो, तो नीट बरा केला जात नाही, पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा आखडतात. आपल्याकडच्या गरीब घरांत हा आजार फार दिसतो. मग कधी तरी छाती उघडून धातूची झडप बसवावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं अशी झडप आपल्या देशात घडवली आणि १९९० साली ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. तिनं हजारो संसार वाचवले. पण धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून तिच्यामागे रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर येते.

मोठ्या सिस्टरांनी भरलेली सुई बाजूला ठेवायला सांगितली आणि मामांची पिशवी टेबलावर रिकामी केली. तंबाखूची पुडी, बँकेचं पासबुक, आधार कार्ड, वॉर्फरिनची पट्टी, कागदात बांधलेल्या अर्ध्या गोळ्या. तळाशी आणखी एक पट्टी होती. मोठ्या सिस्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली. धाकटीनं मात्र ती झटकन उचलली.

“मेट्रोनिडॅझोल! हे कधीपासून?”

“जुलाब लागले व्हते. गावातल्या दुकानातनं आणल्या. अजून चालूच हायेत.”

“सिस्टर, ही गोळी वॉर्फरिनला शरीराबाहेर जाऊ देत नाही. रक्तातली वॉर्फरिन वाढत जाते. काळेनिळे डाग त्याचेच.”

मोठ्या सिस्टरांना डाग दिसले होते, कारण कळलं नव्हतं. धाकटीला कारण माहीत होतं, डाग दिसले नव्हते. त्या दिवशी त्या टेबलापाशी दोघी होत्या, म्हणून मामांची गोष्ट पुढे सांगता येते.

ती सुई गेली असती तर काय झालं असतं, हे धाकटीनं पुस्तकात वाचलेलंच होतं. रक्त इतकं पातळ असताना स्नायूत सुई खोल गेली की आतल्या आत रक्त साचत जातं. वरून काहीच दिसत नाही. माणूस घरी जातो, रात्री कुल्ला दगडासारखा टणक होतो, पाय बधिर पडतो, अंगातलं रक्त अंगातच हरवतं. त्यात ते औषध दुखणं थांबवतं खरं, पण जठराच्या अस्तराला इजा करतं आणि रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू देत नाही. म्हणजे दोन बाजूंनी घात.

डॉक्टरांना बोलावलं. निळ्या टोपणाची नळी धाकटीनंच भरली, खुणेपर्यंत, आणि जिथून रक्त काढलं तिथे बोळा दाबून ती बराच वेळ नुसती उभी राहिली. नमुना उदगीरला गेला. गोठणाचा जो आकडा आयएनआर म्हणून सांगतात, तो निरोगी माणसात १ च्या आसपास असतो. मामांची झडप जिथे होती तिथे डॉक्टरांनी २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायला सांगितलेला. आला तो ७ च्या वर.

धाकटी तडक औषधाच्या कपाटाकडे गेली. वॉर्फरिनचा उतारा जीवनसत्त्व के. तिनं १० मिलिग्रॅमची कुपी काढलीसुद्धा. मोठ्या सिस्टरांनी तिचा हात धरला.

“आधी डॉक्टरांना विचारू. त्यांच्या छातीत धातू आहे. रक्त एकदम घट्ट केलं तर झडपेवर गुठळी धरेल. मेंदूत गेली तर अर्धं अंग जाईल. आता रक्त वाहत नाहीये, घाई कशाची?”

डॉक्टरांनी हृदयाच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलून घेतलं. मेट्रोनिडॅझोल बंद. वॉर्फरिन थोडे दिवस थांबवायची. जीवनसत्त्व के अगदी थोडं, तेही तोंडानं. मामांना नजरेखाली ठेवायचं. कमरेला शेक आणि मोजून पॅरासिटामॉल. एवढंच.

मामा मात्र चिडले होते. घरी गोऱ्ह्याला कोण पाणी दाखवणार? एका सुईनं असं काय होतं? संध्याकाळी वॉर्ड शांत झाल्यावर मोठ्या सिस्टर त्यांच्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसल्या. मामांना समजेल असं सांगायचं, तर ते जनावरातून सांगावं लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

“मामा, पावसाळ्यात गंजी भिजली, कडब्याला बुरशी आली, तर जनावराला घालता का?”

“कोण घालंल? जनावर मरंल की.”

“अमेरिकेत घातला होता. शंभर वर्षं झाली. तिकडं लसूणघासाच्या जातकुळीतला एक गोड वासाचा चारा असतो. १९२० च्या सुमाराला अमेरिकेच्या उत्तरेला आणि कॅनडात जनावरं मरायला लागली. शिंग कापलं की रक्त थांबेना, खच्ची केलं की थांबेना. स्कोफील्ड नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं शोधलं की हा रोगजंतूंचा रोग नाही, तो चारा ओला राहून बुरसला की त्यात विष तयार होतं. पण विष नेमकं कोणतं, ते त्याला सापडलं नाही.”

मामा उठून बसले.

“मग १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी घालून निघाला. त्याच्या दोन कालवडी आधीच गेल्या होत्या. आवडत्या म्हाताऱ्या गाईच्या मांडीत रक्त साचून गाठ आली होती. दोन गाईंना कातडीत नुसतं टोचलं, तर त्या रक्त जाऊनच मेल्या. आणि त्या दिवशी बैलाच्या नाकातून रक्त झिरपायला लागलं. तेव्हा त्यानं मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त भरून घेतलं आणि ३०० किलोमीटर लांब मॅडिसनला नेलं.”

“नुस्तं टोचलं, आन् मेल्या?”

“नुसतं टोचलं. आज तुम्हाला टोचणार होतो ना, तसंच.”

मामा गप्प झाले. मग त्यांनी विचारलं, “बैल वाचला का?”

सिस्टरांना ते माहीत नव्हतं. त्यांनी पुढचं सांगितलं. तिथे लिंक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्या वेळी त्यांच्याकडे उपाय नव्हता. चारा बदला, दुसऱ्या जनावराचं रक्त देऊन बघा, एवढंच ते सांगू शकले. पण ते रक्त त्यांनी टाकून दिलं नाही. सहा वर्षं त्यांचे विद्यार्थी त्या चाऱ्यामागे लागले आणि १९३९ मध्ये विष हाती आलं. पुढे त्याच घराण्यातलं आणखी जोरकस औषध त्यांनी बनवलं. १९४८ पासून ते उंदीर मारायला विकलं जाऊ लागलं. “तीच तुमची गोळी, मामा. वॉर्फरिन.”

तेवढ्यात बाळंतपणाची बाई आली आणि सिस्टर उठून गेल्या. गोष्ट तिथेच राहिली.

थोड्या दिवसांत आकडा खाली आला, गोळी पुन्हा सुरू झाली, मामा घरी गेले. पुढच्या तपासणीची तारीख धाकटीनं त्यांच्या कागदावर लिहिली आणि आपल्या वहीतही उतरवून घेतली. तारीख आली आणि गेली. मामा आले नाहीत. गावातल्या आशाताईंना तिनं फोन केला. संध्याकाळी उलट फोन आला.

“सिस्टर, त्यांनी गोळीच टाकून दिली. म्हणतात, उंदराचं औषध हाय. मोठ्या सिस्टरांनीच सांगितलं म्हणे.”

मोठ्या सिस्टर तिथेच खुर्चीवर बसल्या. त्यांनी सांगितलं ते सगळं खरं होतं, फक्त पुरं झालेलं नव्हतं. आणि भ्यालेला माणूस भीतीचं तेवढं घरी घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मामी दवाखान्यात आले, आशाताई त्यांना घेऊनच आल्या. आकडा दीडच्याही खाली. गुठळी धरली नव्हती हे नशीब. वॉर्फरिन पुन्हा सुरू केली तरी तिचा अंमल बसायला दिवस लागतात, कारण यकृतानं आधी तयार करून ठेवलेले गोठणघटक संपावे लागतात. तोवर झडप सांभाळायला डॉक्टरांनी पोटात एनॉक्झापॅरिन द्यायला सांगितलं. हेपरिनच्या कुळातलं हे औषध लगेच काम करतं.

धाकटीनं बुडबुडा न काढता, कातडीची घडी धरून ती सुई दिली. मामींनी सवयीनं हात पुढे करून मामांचं पोट चोळायला घेतलं. धाकटीनं त्यांचा हात हलकेच बाजूला केला. “चोळू नका मामी, आत रक्त साकळेल.” मग तिनं मामींनाच शेजारी बसवलं आणि राहिलेली गोष्ट सांगितली.

“मामा, उंदराला किती देतात आणि तुम्हाला किती, यात सगळं आहे. १९५१ साली अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेल्या एका तरुणानं जीव द्यायला तेच उंदराचं औषध खाल्लं. एकदा नाही, रोज रोज, भरपूर. तरी तो वाचला, कारण जीवनसत्त्व के दिलं की त्याचा अंमल उतरतो. तेव्हा डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. ज्याचा उतारा हाताशी आहे आणि ज्याचा परिणाम मोजता येतो, ते औषध म्हणून वापरता येईल. १९५४ मध्ये त्याला माणसांसाठी परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हीच गोळी दिली.”

“अध्यक्षाला?”

“अध्यक्षाला. पण मोजून. रक्त तपासून.”

मामा बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. “म्हंजी कासरा हाय म्हणा की. लई ओढला तर गोऱ्हा बिथरतो, सोडून दिला तर लोकाच्या रानात शिरतो.”

धाकटीला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं, आणि पुढे कित्येक रोग्यांना तिनं हेच सांगितलं.

मामींचा प्रश्न वेगळाच होता. “पोरी, पालेभाजी बंद करायची का? येळवस आलीया. भज्जी न्हाई केली तर रानात काय न्यायचं?”

लातूरकडच्या घराला हा प्रश्न विचारावाच लागतो. वेळ अमावास्येला सगळं गाव रानात जातं. मडक्यात आंबील, टोपलीत भज्जी. भज्जीत मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, हरभऱ्याचे सोलाणे, जे रानात हिरवं असेल ते. आणि हिरव्या पाल्यात जीवनसत्त्व के भरलेलं. थंडीच्या दोन महिन्यांत हरभऱ्याचा पाला, करडईची भाजी रोज पानात असते, उन्हाळ्यात पिठलं आणि ठेचा. गोळी तीच, पण आकडा वरखाली होतो तो अशानं.

पथ्याच्या छापील कागदावर ‘हिरव्या भाज्या टाळा’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. मला तो सल्ला आळशी वाटतो. गरिबाच्या ताटातलं सगळ्यात पौष्टिक तेच असतं.

धाकटी म्हणाली, “मामी, भाजी बंद करायची नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच बारा महिने ठेवा. येळवशीची भज्जी पोटभर खाऊ द्या, एका दिवसानं बिघडत नाही. पण पुढं पंधरा दिवस रोज करडई सुरू केली, नाहीतर एकदम सोडली, तर आम्हाला सांगा. रक्त लवकर तपासू. आणि जुलाब असो, खोकला असो, दुकानातली गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. झाडपाल्याचं औषधसुद्धा नाही.”

मोठ्या सिस्टर मागे उभ्या राहून ऐकत होत्या. मध्ये त्या बोलल्या नाहीत. धाकटीचं संपल्यावर त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “आता मामा, मला सांगा. घरी गेल्यावर काय करायचं?” त्यांनी ते मामांच्या तोंडून वदवून घेतलं, मग मामींच्या तोंडून. गोळीची वेळ, अर्धी कोणत्या वारी, डाग दिसला तर काय, डोकं अचानक दुखलं किंवा तोंड वाकडं झालं तर काय. मामी एका ठिकाणी चुकल्या, ते पुन्हा सांगितलं. त्या दिवसापासून, कुणालाही काही समजावलं की ते त्याच्याकडून परत ऐकायचं, ही मोठ्या सिस्टरांची नवी रीत झाली. बाजारची रांग आणखी लांबली.

येळवशीला मामांच्या रानात पाहुणे जमले होते. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली, आंबील फिरली. शेजारच्या गावचा एक सोयरा गुडघा चोळत सांगत होता की लई दुखतंय, उद्या दवाखान्यात जाऊन एक सुई टोचून घेतो, मोकळा होतो.

मामांनी हातातला आंबिलीचा तांब्या खाली ठेवला.

“सोयरं, रक्त पातळ व्हायची गोळी खाता का?”

“छ्या! मला काय झालंय?”

“दात घासताना रगत?”

“न्हाई.”

“दाखवा हात.”

सोयऱ्यानं हसत दोन्ही हात पुढे केले. हात स्वच्छ होते. “गोळी म्हंजी,” तो म्हणाला, “मागं छातीत कळ आली व्हती. तवापसनं रातच्याला एक बारकी गोळी घेतो. पर ते काय औषध न्हाई.”

मामांनी त्याच्या खिशातून पट्टी काढून घेतली. अक्षरं बारीक होती आणि इंग्रजीत. त्यांनी पोराला हाक मारली.

“सिस्टरला फोन लाव. आन् पट्टीवरचं नाव नीट वाचून दाखव त्यांना.”